9.10 चा कॉम्प्युटर

माझे सासरे, म्हणजे अण्णा, रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. 2004 साली निवृत्त झाले, पण अजूनही त्यांच्या बोलण्यात 'दहाच्या सुमारास' असलं काही येत नाही. आमचा दूधवाला 6.22 ला येतो. साडेसहाला आला तर तो 'लेट' असतो आणि पावणेसातनंतर 'रद्द'. अशा माणसापुढे रोज सकाळी सुरू व्हायला तेरा-चौदा मिनिटं घेणारा कॉम्प्युटर ठेवला तर काय होईल? वही होईल. झालीच.

दोनशे पानी, लाल पाठीची वही. वर मोठ्या अक्षरात 'संगणक : आगमन-प्रस्थान'. 2025 च्या फेब्रुवारीत त्यांनी ती सुरू केली, आणि मला तिचा पत्ता लागला मार्चमध्ये, किराणा मालाच्या यादीसाठी कागद शोधताना. एक पान असं होतं:

'3 मार्च. चालू केला 9.10. पाटी आली 9.12. चित्र आलं 9.14. माऊस हलला 9.18. एक्सेल उघडलं 9.23. शेरा : आज बरा.'

तेरा मिनिटं लागली त्या दिवशी, आणि शेरा 'आज बरा'. मी ते पान नवऱ्याला दाखवलं, दोघंही हसलो, आणि मग मला जरा लाज वाटली. घरात आम्हा तिघांकडे स्वतःचं काही ना काही यंत्र आहे. हॉलच्या कोपऱ्यातला तो काळा डबा फक्त अण्णांचा. त्याचा वेग हा आमचा प्रश्नच नव्हता.

डबा 2014 चा. लॅमिंग्टन रोडवरून असेम्बल करून आणलेला : चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, साडेअठरा इंची मॉनिटर. बिल अण्णांच्या फाइलीत आहे, अर्थातच, यूपीएसच्या वॉरंटी कार्डाला टाचून. सासूबाईंनी जुन्या पडद्याची खोळ शिवली होती त्याला. त्या गेल्या, खोळ अजून आहे. या कॉम्प्युटरवर अण्णा दोन कामं करतात. सोसायटीचे ते खजिनदार असल्यामुळे मेंटेनन्सच्या पावत्या आणि हिशेब, आणि दुसरं म्हणजे घराण्याचा कुलवृत्तांत. नऊ पिढ्या, कोकणातून देशावर आणि देशावरून डोंबिवलीत. तो त्यांनी याच्याही आधीच्या कॉम्प्युटरवर, 2006 पासून टाइप करायला घेतलाय. पत्ते लावण्याचा खेळ हे तिसरं काम, पण ते वहीत नोंदवलेलं नाही.

घरात मतं पडलेली होती. चिरंजीव दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आहेत, त्यांचं म्हणणं, "आई, अकरा वर्षं झाली त्याला. फेकून द्या आता. लॅपटॉप घ्या आजोबांना." नवऱ्याचं मत म्हणजे तो व्हॉट्सॲपवर मला नव्या डेस्कटॉपच्या लिंका पाठवायचा, बेचाळीस हजार, अडतीस हजार, एक्सचेंजमध्ये पस्तीस. लिंक पाठवली की त्याचं कर्तव्य संपतं. एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने खोळ काढली, बटण दाबलं, दोन मिनिटं उभ्या उभ्या वाट पाहिली आणि म्हणाला, "काकू, फॉरमॅट मारावा लागेल." अण्णा आतून गरजले, "फॉरमॅट नाही!" तेव्हा तो म्हणाला, "मग नवीन घ्या. यात आता दम नाही राहिला." डबा उघडून बघायची तसदी त्याने घेतली नाही, आणि दोनशे रुपये मात्र घेतले.

अण्णा फॉरमॅट या शब्दाला का भितात ते सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अडले. 2018 मध्ये असंच एकाने फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क सगळी पुसून विंडोज नव्याने टाकून, दिलं होतं. फाइलींचा बॅकअप त्याने नीट घेतला, सगळ्या परत टाकल्या. अण्णांनी कुलवृत्तांत उघडला तर पानभर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं आणि कसलेकसले ठिपके. जुने मराठी फॉन्ट असेच होते. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. देवनागरीला तिच्यात 1991 पासून स्वतःची जागा आहे, पण आपल्याकडची ऑफिसं, छापखाने, लग्नपत्रिकावाले त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टांवर टाइप करत होते. त्या फायलींत मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागा असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचे मुखवटे चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटे गळाले. नऊ पिढ्यांचे पूर्वज एका रात्रीत अगम्य झाले. स्टेशनजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे त्या फॉन्टची जुनी सीडी निघेपर्यंत दोन महिने अण्णा धड जेवत नव्हते. तेव्हापासून 'फॉरमॅट' म्हणजे त्यांच्या लेखी सामुदायिक श्राद्ध.

तर ती वही. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे कुणी चार महिन्यांच्या नोंदी आयत्या लिहून ठेवल्या असतील तर त्या नुसत्या मिटून ठेवणं मला जमत नाही. जूनच्या एका रविवारी पेन्सिल घेऊन बसले. रोजची वेळ साधारण तेरा-चौदा मिनिटं. पण दर महिन्यात एक दिवस भलताच निघत होता. 12 मार्चला एकतीस मिनिटं, 9 एप्रिलला अठ्ठावीस, 14 मेला चौतीस. 14 मेचा शेरा : 'आज मेंटेनन्सच्या पावत्या करायच्या होत्या. केल्या नाहीत. चहा दोनदा.'

तीनही बुधवार. महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारच्या पाठचे. विंडोजचे सुरक्षा अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, आणि बुधवारी सकाळी 9.10 ला अण्णा बटण दाबतात. म्हणजे यंत्र त्या दिवशी आळशीपणा करत नव्हतं, गळ्यापर्यंत कामात बुडालेलं होतं. मग इतर दिवशी तरी ते कशात बुडालेलं असतं?

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकली नाही, पण 9.10 ला घरी होते. माऊस हलू लागताच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्राचा कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारा तक्ता, उघडला (तोही दीड मिनिटाने आला). तिथे रकाने असतात : प्रोसेसर, मेमरी, डिस्क. प्रोसेसर होता नऊ टक्क्यांवर. ज्याच्यात दम राहिला नाही म्हणून दोनशे रुपये देऊन ऐकलं, तो हातावर हात ठेवून बसला होता. मेमरी शहाऐंशी टक्के. आणि डिस्कचा रकाना लालभडक, शंभर टक्के. गंमत म्हणजे त्या शंभर टक्क्यांत काम किती होत होतं, तर सेकंदाला एक ते दीड एमबी. पूर्ण ताकद लावून इतकंच.

हे अण्णांना समजावून सांगताना मला स्वयंपाकघर आठवलं. रॅम म्हणजे आपला ओटा. त्या क्षणी लागणाऱ्या वस्तू ओट्यावर असतात, हात घातला की मिळतात. हार्ड डिस्क म्हणजे माळा. सगळं तिथे असतं, पण दर वेळी शिडी लावून चढायचं, डबा शोधायचा, उतरायचं. एकच मोठं पिंप खाली काढायचं असेल तर एकदा चढलं की झालं. पण कॉम्प्युटर सुरू होताना पिंप लागत नाही. हजारो बारीक बारीक पुड्या लागतात, इथली एक चिमूट, तिथली एक. आणि अण्णांचा ओटा चारच जीबीचा. ब्राउझर नावाच्या पाहुण्याने अर्ध्याहून जास्त जागा अडवली की ओट्यावरचं काही परत माळ्यावर ठेवायचं, मग ते लागलं की पुन्हा चढायचं. स्वयंपाक करणारी बाई निष्णात आहे, पण तिचा सगळा दिवस शिडीवर.

"शिडीवर चढायला किती वेळ लागतो?" अण्णांनी विचारलं. हिशेब खातं.

काढला हिशेब. त्यांच्या डिस्कची तबकडी मिनिटाला 7,200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. एका फेऱ्याला साधारण आठ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, चार मिलिसेकंद. त्याआधी ती सुई धरणारा हात योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ. एका पुडीला बारा-तेरा मिलिसेकंद धरले तर सेकंदाला ऐंशीच्या आतबाहेर पुड्या. हार्ड डिस्कच्या जागी लावता येते ती एसएसडी, तिच्यात सगळं चिपांवर साठवतात. फिरणारं काहीच नसतं, तबकडी नाही, हात नाही. तिथे याच पुड्या सेकंदाला हजारोंनी निघतात. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने 1956 साली आणली, दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि सगळं मिळून पाच एमबीसुद्धा नाही. तेव्हापासून तबकड्या लहान झाल्या, क्षमता अफाट वाढली, पण शिडी चढायचं काही सुटलं नाही.

अण्णांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मग म्हणाले, "म्हणजे इंजिन ठीक आहे. सिग्नलला अडकतंय."

माझी ओटा-माळ्याची उपमा मला आवडली होती, पण त्यांची जास्त अचूक होती.

आता इथे थांबून सांगते की 'जुन्यात पैसे घाला' हा सल्ला मी सरसकट कुणाला देणार नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे 2008 चा डबा होता. त्याला लागणारी रॅम आता सेकंडहँडच मिळते, प्रोसेसर दोन टॅब उघडले की स्वतःच शंभर टक्क्यांवर जातो. तिथे सिग्नल हिरवा करून उपयोग नाही, इंजिनच थकलेलं आहे. त्यांना मी नवा घ्या म्हणाले आणि त्यांनी घेतला. पडद्याला भेग गेलेला, बिजागरी तुटलेला, बॅटरी फुगलेला लॅपटॉप असेल तर तिथेही तेच. फुगलेल्या बॅटरीशी तर खेळूच नये. पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर आळसावलेला आणि डिस्क लाल असं दिसत असताना चाळीस हजारांचा नवा डबा घेणं म्हणजे नळाचा वायसर गेला म्हणून बाथरूम पाडण्यासारखं आहे. लोक पाडतात. आम्हीही पाडायला निघालोच होतो.

चिरंजीवांचा मुद्दा मात्र खोडून काढण्यासारखा नव्हता. "आई, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबरला संपतोय. आणि याच्यावर विंडोज 11 चढणार नाही." खरं होतं. 11 साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे 2017 च्या उत्तरार्धापासूनचे. शिवाय टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय. आमचा चौथ्या पिढीचा. आडवाटेने 11 चढवायच्या युक्त्या त्याला माहीत होत्या, पण 81 वर्षांच्या माणसाच्या कॉम्प्युटरवर युक्त्या करून ठेवायच्या आणि दर अपडेटला देव पाण्यात घालून बसायचं, हे मला नको होतं. शेवटी असं ठरलं की विंडोज 10 ला नोंदणी करून आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळतात, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, ते घ्यायचे. त्यानंतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट नावाची फुकट मिळणारी प्रणाली टाकायची किंवा खरंच नवा घ्यायचा, ते तेव्हा बघू. पावत्यांना आणि पूर्वजांना इंटरनेट लागत नाही. बँकेचं काम या यंत्रावर करायचं नाही, ते अण्णांनी आधीही कधी केलेलं नाही. बँकेत ते स्वतः जातात, 11.05 ला.

तोवर याच डब्यात हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आणि जास्तीची रॅम घालायची. म्हणजे आपण चार हजारांत एक वर्ष विकत घेतोय की पाच, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण एसएसडी वाया जात नाही, पुढच्या डब्यातही बसते, हे एक समाधान होतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी मी आणि अण्णा लॅमिंग्टन रोडला गेलो. ऑनलाइन मागवता आलं असतं, चिरंजीवांनी तसं सुचवलंही. पण अण्णांना 'बघून' घ्यायचं होतं, आणि बऱ्याच दिवसांत ते दादरच्या पुढे गेले नव्हते. डोंबिवलीहून दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून पूर्वेला. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव घेऊन विचारलंत तर समोरचा तुमच्याकडेच बघत राहील. नळाचा वायसर आणायला जाताना जसा जुना वायसर खिशात नेतात, तशी अण्णांनी डब्यातली रॅमची पट्टी काढून नेली होती, पेढ्यांच्या छोट्या बॉक्समध्ये, कापसात. आणि सोबत 2014 चं बिल.

दुकान आठ बाय दहाचं असेल. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, "बोर्ड कौनसा है?" अण्णांनी बॉक्स उघडून कापूस बाजूला केला. त्याने पट्टी हातात घेतली, मधल्या खाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "डीडीआर थ्री." म्हणजे रॅमची तिसरी पिढी. वाचलं नाही, फक्त अंगठा फिरवला. डीडीआर फोरची खाच वेगळ्या जागी असते, चुकीची पट्टी दामटून बसवायचं म्हटलं तरी बसत नाही. मग त्याची नजर बिलावर गेली. बिल त्यांच्याच गल्लीतल्या दुकानाचं होतं, ते दुकान आता नव्हतं. तो मुलगा पहिल्यांदा अण्णांकडे नीट पाहत म्हणाला, "अंकल, ग्यारह साल? इसी डिस्क पे?" त्या आवाजात कौतुक होतं का कीव, हे आम्ही परतीच्या गाडीत बराच वेळ ठरवत होतो.

पाचशे जीबीची एसएसडी 2,900, आठ जीबीची रॅम 1,100, प्रोसेसरची उष्णता वरच्या पंख्याकडे नेणाऱ्या थर्मल पेस्टची नळी 150. मदरबोर्डचा बटणसेल डोंबिवलीतच घड्याळवाल्याकडे 30 रुपयांना मिळाला. एकूण 4,180, भाडं आणि दोन मिसळी सोडून. आमचं नशीब असं की ही खरेदी सप्टेंबरात झाली. त्यानंतर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव असे चढले की आता तोच सौदा त्याच पैशांत जमायचा नाही.

बटणसेलाचं प्रकरण गमतीचं होतं. वीज नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवतो तो हा सेल, आणि आमचा संपला होता. गेले काही महिने लोडशेडिंग असो वा कुणी मेन स्विच बंद करो, वीज गेली की कॉम्प्युटरचं कॅलेंडर थेट 2013 सालावर जायचं. आणि मग कुठलीही वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडायची नाही. घरात सगळे वायफायवाल्याला शिव्या घालत होतो. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला तारखा असतात. तुमचं घड्याळच 2013 दाखवत असेल तर 2025 चं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, असं ब्राउझर म्हणणार. तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा सेल, सीआर 2032. तीस रुपये.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून डबा आडवा केला. बाजूचा पत्रा सरकवला आणि आम्ही चौघंही गप्प झालो. आत अकरा वर्षांचा हॉल होता. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा राखाडी फेल्ट, त्यात उदबत्तीची राख, कापसाच्या वातीचे तंतू, एक वाळलेलं झुरळ, आणि कोपऱ्यात पाल घालून गेलेल्या दोन अंड्यांची टरफलं. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालच्या पन्हाळीदार ॲल्युमिनियममधल्या फटी बुजून सपाट झाल्या होत्या. मी रंगाचा जुना ब्रश घेतला, चिरंजीवांनी फुंकर मारली आणि मग बराच वेळ शिंकण्यात गेला. (फुंकर मारू नये. थुंकी उडते. आणि ब्लोअर वापरलात तर पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर भिंगरीसारखा फिरून बेअरिंग बिघडतं.)

पंखा काढायचं काम मला झेपेल असं वाटलं नव्हतं. चार प्लास्टिकचे पाय, प्रत्येक पाव फेरा फिरवून वर ओढायचा. चौथा निघताना 'कट्' असा आवाज आला आणि अण्णांनी डोळे मिटले. काही तुटलं नव्हतं. खाली प्रोसेसरवर जुनी पेस्ट होती, पानाच्या डबीत वाळून राहिलेल्या चुन्यासारखी, खरवडली की पापुद्रे उडत होते. ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. परत बसवताना ते चार पाय दाबायला मात्र नवऱ्याचा अंगठा लागला. त्या दिवशीचा त्याचा तेवढाच सहभाग, पण तो त्याने सगळ्यांना सांगितला आहे.

मग माझी चूक उघडी पडली. एसएसडीला जोडायची केबल आणायलाच मी विसरले होते. एवढं लॅमिंग्टन रोडपर्यंत जाऊन! रविवारी तिथली दुकानं बंद. चिरंजीव म्हणाला, "डीव्हीडी ड्राइव्हची काढ ना. कोण वापरतं?" तीच केबल, तोच जोड. काढण्याआधी सहज म्हणून त्याने कॉम्प्युटर चालू करून ड्राइव्हचं बटण दाबलं, आणि ट्रे कुरकुरत बाहेर आला तर आत एक सीडी. वर मार्करने लिहिलेलं : 'मुंज – भाग 2'. त्याचीच मुंज, 2014 ची. ही सीडी आम्ही कित्येक वर्षं शोधत होतो. नणंदेने नेली असा माझा पक्का समज होता आणि त्या समजापोटी मी दोन दिवाळ्या जरा कमी बोलले होते. त्यावर आता काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

एसएसडी हातात घेऊन अण्णा म्हणाले, "हे रिकामं खोकं आहे." खरंच तसंच वाटतं, पत्त्यांच्या कॅटएवढी, वजन काहीच नाही. आत काही फिरत नसल्यामुळे तिला स्क्रूने जखडण्याचीही फारशी गरज नसते. आम्ही ती दुहेरी चिकटपट्टीने कॅबिनेटच्या भिंतीला लावली. अण्णांना ते पटलं नाही, म्हणून वर सुतळीही बांधली.

फॉरमॅट नाही, म्हणजे क्लोन. जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्यावर : विंडोज, फायली, फॉन्ट, पूर्वज, पत्त्यांच्या खेळाचा स्कोअर, सगळं. त्याआधी जुन्या डिस्कची प्रकृती तपासली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते डिस्कने स्वतःच स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवतं. हो, डिस्कसुद्धा वही ठेवते. चालू राहिल्याचे तास 14,000 च्या वर, आणि पिवळ्या रंगात इशारा : काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारीक कप्पे, खराब होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावले गेले होते. मंदपणाचं एक कारण तेही होतं. खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून बघण्यात डिस्क वेळ घालवत होती. हे पाहिल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. आम्ही तीन महिने 'नवा की जुना' असा वाद घालत होतो, आणि तो वाद ज्याच्या जिवावर चालला होता तो भागच हळूहळू मरत होता. कुलवृत्तांताचं फोल्डर आणि फॉन्टचं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घेतलं, दोन पेनड्राइव्हवर घेतलं, आणि मगच क्लोनचं बटण दाबलं.

रात्री 10.40 ला सुरू झालं. मी बाराला झोपले. सकाळी वहीत पाहिलं तर : '12.30 – 31 टक्के. 2.15 – 58 टक्के. 2.15 ते 2.50 – 58 टक्केच. काळजी. 2.51 – 59. 5.05 – पूर्ण.' रात्रभर ते जागे होते. विचारलं तर म्हणाले, "झोप येत नव्हती, म्हणून." आणि मग, ऐकू येईल न येईल अशा आवाजात, "गाडी यार्डात असली की कुणीतरी असावं लागतं."

सोमवारी 9.10 ला त्यांनी बटण दाबलं आणि नेहमीसारखे चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. अकरा वर्षांची सवय, बटण दाबलं की आधण. मी हाक मारली, "अहो अण्णा, आलाय तो!" ते साणशी हातात घेऊनच आले. पडद्यावर चित्र, माऊस हलतोय, सगळं तयार. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं. दोन्ही 9.10 च दाखवत होती. वहीत त्यांच्या रकान्यांना सेकंद नव्हतेच, त्यामुळे त्या दिवशीची ओळ बघण्यासारखी आहे : '9.10. 9.10. 9.10. 9.10. 9.11.' शेवटचा आकडा एक्सेलचा. शेऱ्याच्या जागी काहीच लिहिलेलं नाही.

सगळंच पालटलं असं नाही. इंटरनेट जेवढं होतं तेवढंच आहे, व्हिडिओ अजून मध्येच गटांगळ्या खातो. मॉनिटरचा एक कोपरा पिवळा पडलाय तो तसाच. आणि मला न अपेक्षिलेली एक तक्रार आली, की हा आता 'बोलत नाही'. जुन्या डिस्कचा करकर आवाज यायचा, त्यावरून आत काही चाललंय हे अण्णांना कळायचं. आता मुका झालाय, मेला की जिवंत ते समजत नाही. ही तक्रार मी गंभीरपणे घेतली, पण तिच्यावर बाजारात इलाज नाही. वहीही बंद पडली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर नोंदी नाहीत. बुधवारी, 15 तारखेला, फक्त एक ओळ आहे : 'अपडेट असूनही 9.12.'

राहिली जुनी डिस्क. ई-कचरा वेगळा द्यावा हे मला माहीत आहे, शाळेत मीच मुलांना 2022 च्या नियमांवर तक्ते करायला लावते. पण डिस्कवर आमचा सगळा संसार अजून जसाच्या तसा आहे, आणि तो पुसल्याशिवाय ती कुणाला देणार नाही असं मी जाहीर केलं. चिरंजीव म्हणाला, ड्रिलने भोक पाडू. अण्णा काही बोलले नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या टेबलाचा खालचा खण उघडला तेव्हा ती तिथे होती, पेढ्यांच्या बॉक्समध्ये मावत नव्हती म्हणून सासूबाईंच्या चष्म्याच्या कापडात गुंडाळून, वर रबरबँड आणि एक चिठ्ठी. बिलांवर असतं त्याच गोल, हिशेबी अक्षरात :

'2014 ते 2025. चालू आहे. टाकू नये.'